जोडीने राहणारा प्राणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मागच्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. वय पंचेचाळीसच्या आसपास, चांगली नोकरी, दोन मुले. चहा झाला, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्याने खाली बघत विचारले, "सर, तुम्ही आम्हाला प्राणिशास्त्र शिकवलंत म्हणून विचारतो. माणूस मुळात एकाच जोडीदाराबरोबर राहणारा प्राणी आहे का? की हे आपण ओढूनताणून अंगावर घेतलंय?"

प्रश्न शास्त्राचा होता, पण शास्त्रासाठी विचारलेला नव्हता. त्याच्या घरात काय चालले आहे ते माझ्या कानावर आले होते. त्याला माझ्याकडून उत्तर नको होते, दाखला हवा होता. मी तेव्हा अर्धवट काहीतरी बोललो आणि विषय बदलला. नंतर मात्र वाटत राहिले की प्रश्न चांगला होता आणि त्याचे नीट उत्तर द्यायला हवे होते. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

सुरुवात पक्ष्यांपासून करू, कारण आपल्याकडे निष्ठेचे दाखले नेहमी पक्ष्यांचेच दिले जातात. रामायणाचा उगमच मुळी पारध्याने जोडीतला एक पक्षी मारला तेव्हा वाल्मीकींना झालेल्या शोकात सांगितला जातो. तो क्रौंच म्हणजे आपला सारस, असे काही अभ्यासकांचे मत आहे. महाराष्ट्रात सारस आता फार थोडे उरले आहेत, तेही गोंदिया-भंडाऱ्याच्या तळ्यांच्या आणि भातखाचरांच्या मुलखात. नर-मादी एकमेकांसमोर माना उंचावून एका सुरात साद घालतात, वर्षानुवर्षे बरोबर राहतात. जन्माची गाठ म्हणतात ती हीच, असे बघणाऱ्याला वाटते.

पक्ष्यांच्या शंभरातल्या नव्वद जाती अशा जोडीने संसार करतात. कारण उघड आहे. अंडी उबवायची, पिलांना दिवसभर भरवायचे, घरट्यावर राखण ठेवायची. एकट्या मादीला हे झेपत नाही. नर सोडून गेला तर त्याचीच पिले मरतात. म्हणून तो राहतो.

पण बरोबर राहणे वेगळे आणि एकनिष्ठ असणे वेगळे. हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसत नव्हता. १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अॅलेक जेफ्रीज यांनी डीएनएच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धत शोधली. न्यायालयांत तिचा उपयोग झाला हे सर्वांना माहीत आहे. १९८७ साली, म्हणजे तीनच वर्षांत, ती चिमण्यांना लावण्यात आली, हे कमी लोकांना ठाऊक आहे. आपली चिऊताई! घरट्यातल्या दहा-पंधरा टक्के पिलांचा बाप घरट्यातला चिमणा नसतो, असे निघाले. पुढे एकेका जातीची तपासणी होत गेली आणि बहुतेकींत कमीअधिक प्रमाणात हाच प्रकार सापडला. ऑस्ट्रेलियात फेअरी-रेन नावाचा एक इवलासा निळा पक्षी आहे. जोडपे म्हणून अगदी आदर्श. पण त्यांच्या चारांतली तीन पिले दुसऱ्याच नराची असतात.

सारसाच्या बाबतीतही एक गंमत पुढे आली आहे. गोपी सुंदर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारसांच्या हजारो नोंदींत काही त्रिकुटे आढळली. दोघांच्या संसारात तिसरा पक्षी, आणि तिघांची मिळून एकच साद. प्रमाण शंभरात दोनांहूनही कमी. पण जिथे जागा निकस होती, पिले वाढवणे दोघांना जड जात होते, तिथे ही त्रिकुटे जास्त दिसली. म्हणजे जन्माची गाठसुद्धा पाण्यापावसाकडे बघून बांधली जाते म्हणायची.

आता आपल्या वर्गाकडे, सस्तन प्राण्यांकडे येऊ. इथे चित्र उलटे होते. शंभरातल्या फक्त नऊ-दहा जाती जोडीने राहतात. गर्भ मादीच्या पोटात, दूध मादीच्या अंगावर. नराला थांबण्याचे कारण कमी. मग ज्या थोड्या जाती जोडीने राहू लागल्या त्या का? २०१३ साली एकाच आठवड्यात दोन गटांनी याची दोन वेगवेगळी उत्तरे दिली. केंब्रिजचे लुकास आणि क्लटन-ब्रॉक यांनी अडीच हजार जातींची वंशावळ तपासून सांगितले की, जिथे माद्या एकमेकींपासून दूरदूर विखुरलेल्या राहतात तिथे नराला एकीवर लक्ष ठेवणेच परवडते, म्हणून जोड्या झाल्या. लंडनच्या ओपी यांच्या गटाने फक्त माकडवंश तपासला आणि ते म्हणाले, कारण वेगळेच आहे: परक्या नराकडून होणारी बालहत्या. बाप जवळ राहिला तर पिलू वाचते.

बालहत्या हा शब्द ऐकून दचकू नका. हा प्रकार शास्त्राच्या नोंदीत आला तो आपल्या शेजारीच, धारवाडजवळच्या रानात. १९६२च्या सुमारास युकिमारू सुगियामा हे जपानी संशोधक तिथल्या वानरांचे, काळतोंड्या लंगुरांचे, निरीक्षण करत होते. एका टोळीचा जुना नर हुसकावला गेला, नवा आला आणि त्याने अंगावर पिणारी पिले मारली. पिले गेल्यावर माद्या पुन्हा माजावर आल्या. पुढे सारा हर्डी यांनी अबूच्या डोंगरावर वर्षानुवर्षे काम करून दाखवले की हा वेडाचा झटका नाही, यात नराचा हिशेब आहे. या निष्कर्षावर पुष्कळ वाद झाला. आज बहुतेकांना तो मान्य आहे.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगतो. 'निसर्गतः असेच आहे' म्हणून एखाद्या वागण्याला मान्यता मागायची असेल, तर धारवाडच्या त्या नरालाही तीच मान्यता द्यावी लागेल. माझ्या विद्यार्थ्याला मी हे त्या दिवशी सांगायला हवे होते. निसर्ग काय घडते ते सांगतो. आपण ते करावे की नाही यावर तो तोंड उघडत नाही.

तरीही माणसाच्या शरीरावर काही खुणा आहेत आणि त्या वाचता येतात. ज्या जातीत एक नर अनेक माद्या राखतो तिथे नरांची झुंज होते आणि नर धिप्पाड होत जातो. गोरिलाचा नर मादीच्या जवळजवळ दुप्पट. आसामच्या जंगलातला हुलॉक गिबन जोडीने राहतो. तिथे नर-मादी अंगाने सारखेच. माणसात पुरुष बाईपेक्षा सरासरी पंधरा-वीस टक्के वजनदार. म्हणजे गिबनइतके आपण सरळ नाही आणि गोरिलाच्या तर जवळपासही नाही.

दुसरी खूण सांगताना ध्वनिमुद्रणाच्या वेळी मी जरा चाचरलो होतो, पण छापायला हरकत नाही. जिथे एक मादी एकाच काळात अनेक नरांशी संबंध ठेवते तिथे स्पर्धा शुक्राणूंची असते आणि नराचे वृषण मोठे होते. चिंपांझी वजनाने माणसापेक्षा हलका, पण त्याच्या वृषणांचे वजन एकशेवीस ग्रॅमच्या घरात. अजस्र गोरिलाचे तीस ग्रॅम, कारण त्याला आपल्या टोळीत स्पर्धकच नाही. माणसाचे सुमारे चाळीस. इथेही आपण मध्येच, पण गोरिलाच्या बाजूला झुकलेले. चिंपांझीसारखा मोकळा व्यवहार आपल्या पूर्वजांत नव्हता, एवढे यावरून म्हणता येते.

काही वर्षांपूर्वी 'निष्ठेचे रसायन' सापडल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत. अमेरिकेच्या गवताळ माळावर व्होल नावाचा उंदरासारखा प्राणी आहे, तो जोडी धरून राहतो आणि ते ऑक्सिटोसिन या संप्रेरकामुळे, असे प्रयोगांवरून दिसले होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्या प्राण्यांतला ऑक्सिटोसिन ओळखणारा जनुकच काढून टाकला, तरी त्यांनी जोड्या बांधल्याच. तेव्हा बाटलीत भरून विकता येईल अशी निष्ठा अजून कोणाला सापडलेली नाही.

माणसापुरते एक मोजमाप मला फार आवडले. केंब्रिजच्या मार्क डाइबल यांनी २०२५च्या डिसेंबरात ते मांडले. कोण कोणाबरोबर राहतो हे न बघता त्यांनी एकच गोष्ट मोजली: भावंडांत सख्खी किती आणि सावत्र किती. जिथे जोडी टिकते तिथे भावंडे सख्खी निघणार. चिंपांझीत सख्ख्या भावंडांचे प्रमाण चार टक्के, डोंगरी गोरिलात सहा. बीव्हर हा पाण्यात बांध घालणारा प्राणी, त्याच्यात त्र्याहत्तर. आणि हजारो वर्षांपूर्वीच्या दफनभूमींपासून आजच्या आदिवासी वस्त्यांपर्यंत अनेक मानवी समाजांची सरासरी, सहासष्ट. म्हणजे जोडीने राहणाऱ्या प्राण्यांच्या पंगतीत आपले पान मांडलेले आहे, फक्त आपण यजमानाच्या शेजारी बसलेलो नाही. (सावत्र भावंडांत विधवा-विधुरांच्या दुसऱ्या लग्नाची मुलेही येतात, हे विसरू नये.) बेल्जियममध्ये आडनाव आणि पुरुषांकडून चालत येणारा वाय गुणसूत्र यांची पिढ्यान्‌पिढ्यांची जुळणी करून पाहिली, तर लोकांना वाटते तितकी भानगड निघाली नाही. दर पिढीत सुमारे एक टक्का मुलांचा बाप कागदावरच्यापेक्षा वेगळा होता. चिमण्यांपेक्षा आपण बरे म्हणायचे.

शरीराचे झाले, आता रिवाजांचे. मर्डॉक या मानववंशशास्त्रज्ञाने जगातल्या बाराशेच्या आसपास समाजांची नोंद केली. त्यांतल्या सुमारे पंच्याऐंशी टक्के समाजांत पुरुषाला एकापेक्षा अधिक बायका करायला मुभा होती. हा आकडा पुढे करून अनेक जण निकाल देऊन टाकतात. पण त्याच समाजांत गावोगाव फिरले तर बहुतेक पुरुषांना एकच बायको दिसेल. मुभा सगळ्यांना, ऐपत थोड्यांना. दशरथाला तीन राण्या होत्या. राम एकवचनी, एकबाणी, एकपत्नी म्हणून आपण त्याचे कौतुक करतो. राजांच्या घरात जे सर्रास होते त्याचे कौतुक कोणी करत नसते.

उलटा प्रकारही आहे. हिमालयात किन्नौर, जौनसार-बावर या भागांत सगळ्या भावांची मिळून एक बायको करण्याची चाल होती. चिमूटभर जमीन, प्रत्येक भावाने वेगळा संसार थाटला तर तिचे तुकडे होणार. २०२५ सालच्या जुलैत हिमाचलातल्या सिरमौर जिल्ह्यात दोघा भावांनी एकाच मुलीशी वाजतगाजत लग्न केले, त्याच्या बातम्या आल्या होत्या. त्या मुलखात या रीतीला 'जोडीदारा' म्हणतात. शब्द आपलाच वाटतो, अर्थ केवढा वेगळा!

मग एकास एक हा नियम सक्तीचा कसा झाला? इथे साधे गणित आहे. शंभर पुरुष आणि शंभर बायका असलेले गाव घ्या. दहा सधन पुरुषांनी तीन-तीन बायका केल्या. उरल्या सत्तर बायका आणि नव्वद पुरुष. म्हणजे वीस तरणे पुरुष कायमचे बिनलग्नाचे. असे गाव शांत राहत नाही, आणि मुलींना लहान वयातच मागण्या येऊ लागतात. हेन्रिक, बॉइड आणि रिचर्सन या अभ्यासकांनी २०१२ साली असा युक्तिवाद केला की एकपत्नीत्वाचा नियम समाजांना या अशांततेतून सोडवतो म्हणून तो पसरला. मला हे बरेचसे पटते. एवढेच वाटते की या हिशेबात तिघींपैकी एकीला काय वाटत असेल, हा प्रश्न कुठे येत नाही.

आपल्या भाषेने मात्र तो प्रश्न ओळखला होता. 'सवत' हा शब्द संस्कृत 'सपत्नी'वरून आला. त्याच शब्दावरून 'सपत्न' असा पुल्लिंगी शब्द बनला आणि त्याचा अर्थ झाला शत्रू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सवतीचा काटा काढण्यासाठी वनस्पती खणून काढणाऱ्या स्त्रीचे सूक्त आहे. एकाहून जास्त जोडीदार करणे जर निसर्गाला धरून असेल, तर त्याचा मत्सर वाटणेही तितकेच धरून आहे. निसर्गाचे नाव घेणारे पहिल्याचा उल्लेख करतात, दुसऱ्याचा करत नाहीत.

मुंबई प्रांतात हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्यास बंदी झाली ती १९४६ साली, स्वातंत्र्याच्याही आधी. देशभर हा नियम लागू व्हायला १९५५चा हिंदू विवाह कायदा यावा लागला. मुंबईच्या कायद्याला आव्हान दिले गेले. धर्माप्रमाणे मुलगा हवाच, मग पहिलीला नसेल तर दुसरी करण्याचा अधिकार काढून कसा घेता, असा एक मुद्दा होता. १९५१ साली मुख्य न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरला. छागलांनी दाखवून दिले की मुलगा हवा म्हणणारा तोच धर्म दत्तकही सांगतो. शेजारी गोव्यात पोर्तुगिजांनी १८८० साली हिंदूंचे रिवाज लिहून काढले होते, त्यांत पहिली बायको पंचविशीपर्यंत निपुत्रिक राहिली तर दुसरी करण्यास वाव ठेवलेला होता.

हे सगळे मी पुस्तकातून वाचलेले नाही. निदान आधी तरी पुस्तकातून वाचलेले नाही. आमच्या घरात दोन आज्या होत्या.

मूळ गाव सातारा जिल्ह्यातले. आजोबांचे पहिले लग्न १९२६ साली झाले. बारा वर्षे मूल झाले नाही म्हणून १९३८ साली दुसरे केले. दत्तकाचा विचार कोणी केल्याचे मी ऐकले नाही. थोरलीने स्वतः जाऊन मुलगी पसंत केली, असे घरात अभिमानाने सांगत. लहानपणी मलाही त्याचे कौतुक वाटे. तिच्यापुढे दुसरा कोणता मार्ग होता हे विचारण्याइतके वय नव्हते. धाकटीला दोन वर्षांनी मुलगा झाला, ते माझे वडील. १९४६चा कायदा आठ वर्षे आधी आला असता तर हे भाषण द्यायला मी नसतो. तरीही तो कायदा आठ वर्षे आधी यायला हवा होता, असेच मला वाटते.

दोघींचे भांडण मी कधी ऐकले नाही. घरात चूल एकच होती. वडील थोरलीला 'आई' म्हणत आणि आपल्या जन्मदात्रीला 'बाई'. धाकटी त्या हाकेवर काही बोलायची नाही. थोरली माजघरात झोपायची, आणि आजोबांचे पान वाढायचे काम धाकटीचे. आजोबा गेले तेव्हा मी पहिलीत होतो. सांत्वनाला आलेली माणसे कोणासमोर बसायचे ते न कळून दारात घोटाळत होती, एवढे आठवते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९ ते २०२१ या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी सुमारे दीड टक्का स्त्रियांनी नवऱ्याला दुसरी बायको असल्याचे सांगितले. आकडा लहान वाटतो. आमच्या घरावरून मला ठाऊक आहे की त्या दीड टक्क्यातले प्रत्येक घर आपल्यापुरते शंभर टक्के असते.

तर माझ्या विद्यार्थ्याला द्यायचे उत्तर असे. माणूस जोडी धरणारा प्राणी आहे. त्याची मुले वाढायला इतकी वर्षे लागतात की बहुतेक ठिकाणी, बहुतेक काळ, दोघे एकत्र राहिलेले दिसतात. मन दुसरीकडे ओढले जाणे हेही त्याच्यात आहे, आणि त्याच्या शरीरावर दोन्हींच्या खुणा आहेत. पण आयुष्यभर एकालाच धरून राहायचे हे वचन आहे. ते त्याने मांडवात, माझ्यासमोर, अक्षता हातात घेऊन उभ्या असलेल्या दोनशे माणसांसमोर दिले होते. ते मोडायचे तर त्याच्या नावावर मोडावे. गोरिलाच्या किंवा चिमणीच्या नावावर नको. हे मी त्याला नंतर फोनवर सांगितले. त्याने ऐकून घेतले. पुढचे त्याचे त्याला माहीत.

आजोबा हयात असतानाच्या एका वटपौर्णिमेची आठवण सांगून थांबतो. गावाबाहेर एकच मोठा वड होता. थोरली पहाटेच जाऊन यायची, धाकटी उन्हे वर आल्यावर शेजारणींबरोबर. बुंध्याभोवती दोघींचा दोरा एकावर एक बसायचा. सात जन्म हाच पती मिळू दे, असे त्या दिवशी मागतात हे मी कोणाकडून तरी ऐकले होते, आणि पोराच्या डोक्यात नको ती शंका आली. मी थोरलीला विचारले, "तुम्ही दोघींनी एकच नवरा मागितला तर देव कुणाचं ऐकणार?"

ती तांदूळ निवडत होती. सुपातला खडा बाजूला टाकून म्हणाली, "तुझी बाई मागते हो. मी नुसता दोरा गुंडाळून येते."